वरवंट्यावर जमवलेला रंग

पाळण्याची कडी कुरकुरली आणि अंधारलेल्या दिवाणखान्यातली शांतता मोडली. कुणाचा तरी पदर दोरीत अडकला असावा.

"पाळणा हलवू नका," विलासभाऊजी मागून म्हणाले. "चित्र हलतं."

माझ्या लेकीचं बारसं होतं, आणि पाळणा हलवायचा नव्हता. पाळण्याभोवतीच्या बायका खरोखरच एकेक पाऊल मागे सरल्या. भर सकाळी खिडक्यांना जाड पडदे लावलेले. वाऱ्यानं चादर फडफडते म्हणून पंखे बंद. खोलीभर पाहुणे घामाघूम होऊन समोरच्या भिंतीवर ताणलेल्या त्या चादरीकडे बघत बसले होते, आणि चादरीवर दिसत होता माणसाएवढा वरवंटा.

आमच्याकडे बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंटा घालतात. बाळ तसं टणक निघावं म्हणून. सासूबाईंनी त्याला टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून, कपाळाच्या जागी कुंकवाचं बोट लावलं होतं. पाळण्यावर तिपाईला कॅमेरा, शेजारी एक पांढरा दिवा, आणि मागच्या टेबलावर विलासभाऊजींचा प्रोजेक्टर. दरवेळी बारशाला बायका पाळण्याला गराडा घालतात आणि मागच्यांना काही दिसत नाही, ही त्यांची कित्येक वर्षांची तक्रार. आमच्या घरच्या बारशात तसं होणार नव्हतं.

"काळा काळा दिसला पाहिजे, पांढरा पांढरा," ते रिमोट दाबत सगळ्यांना समजावत होते. "ही दोन टोकं पक्की झाली की मधले रंग आपोआप जागेवर येतात."

दगड काळा दिसला. दुपटं पांढरं दिसलं. पाळण्यावरची झेंडूची माळ हुबेहूब झेंडूच्या रंगाची झाली. भाऊजींनी शेवटचं एक बटण दाबलं आणि म्हणाले, "झालं. आता याला कुणी हात लावायचा नाही." दगड त्यांनीच घडवला असावा अशा थाटात ते मागे रेलले. कुणीतरी पुटपुटलं, वरवंटा अगदी विलासवर गेलाय. मला हसू आलं, पण टाके ओढत होते म्हणून गिळलं.

विलासभाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. सांगलीच्या बाजारात आम्हा शेट्यांचं हळदीचं अडत दुकान आहे, ते तेच बघतात. हळकुंड मधोमध मोडायचं, आतला रंग उजेडात धरायचा आणि भाव सांगायचा. त्यांच्या नजरेला बाजारात मान होता म्हणतात. घरात त्या नजरेचा उपयोग एवढाच, की बायकोची साडी, जावयाचा शर्ट, पानातली आमटी, कशाचाच रंग त्यांना पसंत पडायचा नाही. बारशाआधीच्या दिवाळीत त्यांनी प्रोजेक्टर आणला आणि तेव्हापासून घरातल्या टीव्हीलाही त्यांच्या लेखी किंमत राहिली नाही. क्रिकेटच्या मॅचला माणसं बोलवायचे आणि अर्धा वेळ गवताचा हिरवा जमवण्यात घालवायचे. सिनेमा मोड, व्हिविड मोड, कूल, वॉर्म. त्यांना मूल नव्हतं. प्रोजेक्टर होता.

हे माझ्या मनात आलं होतं खरं, आणि मी ते तिथंच ठेवलं नव्हतं. नवऱ्याला बोलूनही दाखवलं होतं. निशिकांत म्हणाला होता, "दादाला हौस आहे गं, करू दे." निशिकांतचं निम्मं आयुष्य 'दादाला करू दे' या तीन शब्दांत गेलंय.

माझी आई लग्नाआधीच गेली. म्हणून बाळंतपण सासरीच झालं आणि म्हणून माझ्या बाजूनं बोलणारं त्या घरात कुणी नव्हतं. लेक झोपाळू होती. पाजायला घेतलं की दोन घोट ओढायची आणि मान टाकायची. तळपायाला टिचकी मारली तरी जागी व्हायची नाही. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, गुणी आहे पोर, तुझा नवरा रात्र रात्र रडायचा. तिचा रंग मला पिवळट वाटतो असंही मी भीत भीत म्हटलं. त्यावर माजघरात हशा पिकला. या घरात पिवळं नाही असं होतं काय? दुकानातून आलेल्या माणसांच्या नखांत हळद, उशांच्या अभ्र्यांवर हळद, धुणं वाळत घातलं तरी बनियन पिवळी. बाळाला रोज डाळीच्या पिठात हळद कालवून न्हाऊ घालत होते. सासूबाई म्हणाल्या, "शेट्यांचं लेकरू आहे ते. पिवळं नाही तर काय जांभळं व्हायचंय?"

डॉक्टरांना दाखवू या, असं मी निशिकांतला आदल्या दिवशी म्हटलं होतं. तो म्हणाला होता, उद्या बारसं होऊ दे, परवा नेऊ. परवा म्हणजे कधी, हे मला त्या घरात पक्कं माहीत झालं होतं.

तर वरवंटा काढला आणि माझ्या लेकीला पाळण्यात ठेवलं.

चादरीवर ती केवढी मोठी दिसली. मिटलेले डोळे, अर्धं उघडं तोंड, गालाशी आलेली मूठ. सगळी खोली एकदम हळवी झाली. बायका पाळणा म्हणायला लागल्या. मी भिंतीशी खुर्चीवर बसले होते. पाळणा बायकांनी झाकलेला, म्हणून मीही माझ्या पोटच्या पोरीला चादरीवरच बघत होते. माझ्या हातून तिला घेऊन गेल्यापासून पहिल्यांदाच मला ती पूर्ण दिसली.

कुणी काही म्हणालंही नव्हतं, तोवर मागून रिमोटची टिकटिक सुरू झाली. चादरीच्या कोपऱ्यात मेनू उघडला.

"दिवा तापला की जरा पिवळा मारतो," भाऊजी म्हणाले.

मी मनात म्हटलं, झालं, आता पोरीचा रंगही यांना पसंत नाही. सुलभाताई, म्हणजे त्यांची बायको, माझ्या मागे घुगऱ्यांचं पातेलं धरून उभ्या होत्या. माझ्या कानाशी वाकून त्या हळूच म्हणाल्या, "सोड. कालपासून हे असंच चाललंय. काल संध्याकाळी पाळण्याजवळ जाऊन आले आणि मग जेवलेसुद्धा नाहीत, ते मशीनच घेऊन बसलेत." मी मान हलवली. मिरवायच्या आनंदात माणसाला भूक लागत नाही, त्यात नवल ते काय.

पिवळा जाईना. भाऊजी म्हणाले, चादरीचाच दोष आहे, आपल्या घरातली चादर ती. सुलभाताईंना आत पिटाळलं. त्यांनी कुणाच्या तरी आहेरातली कोरी चादर आणली, घडीच्या रेषाही मोडल्या नव्हत्या. पाळणा म्हणणाऱ्या बायका मध्येच थांबल्या. दोघा जावयांना स्टुलावर चढवून चादर बदलली. बारशाच्या गाण्यात हा असा खंड मी तरी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. कोरी चादर दुधासारखी पांढरी होती. तिच्यावरही माझी लेक तशीच.

"आता निळा वाढवतो," भाऊजी म्हणाले. आवाज जरा बसला होता. सकाळपासून सूचना देऊन बसणारच. "निळा वाढवला की पिवळा मरतो. हा नियमच आहे."

टिक. टिक. टिक. दुपटं आधी पांढऱ्याचं निळसर झालं. मग बायकांच्या बांगड्यांचे हात निळसर झाले. माझी नणंद मंजिरी नाव ठेवायला पुढे वाकली होती, तिचे दातसुद्धा निळे दिसले आणि पोरं खिदळली. झेंडूची माळ मेल्यासारखी राखी पडली. भाऊजी थांबेनात. टिक. टिक. ती चादर शेवटी खोल विहिरीच्या पाण्यासारखी दिसायला लागली.

आणि त्या सगळ्या निळ्यात माझी लेक तेवढी पिवळीच राहिली.

मी खुर्चीत पुढे सरकले ती तेव्हा. दिवा नव्हे, भिंत नव्हे, चादर नव्हे. सगळं बदललं आणि ती बदलली नाही.

मी "भाऊजी" म्हटलं, पण माझा आवाज बाहेर फुटायच्या आतच चादरीवरचा रंगच गेला. सगळाच. त्यांनी तो शून्यावर नेला होता. काळं-पांढरं, जुन्या फोटोसारखं चित्र. त्यात माझी मुलगी नुसती उजळ, नितळ, गोरीपान.

"हे बघा," ते म्हणाले. "क्लासिक."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. माझ्या सासूबाईंनी चादरीवरच्या बाळावरून बोटं मोडली. आणि विलासभाऊजी रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरून, कुणाकडेही न बघता, उभे होते. इतका तिटकारा मला आयुष्यात कुणाचा आला नाही. माझ्या बाळाचा रंग त्यांना जमला नाही म्हणून त्यांनी तो पुसून टाकला होता, आणि वर टाळ्या घेतल्या.

मी उठले. बाळंतिणीनं असं उठायचं नसतं, असं कुणीतरी म्हणालं. बायका बाजूला झाल्या नाहीत, मी केल्या. तिला उचललं. खिडकीशी गेले आणि तो जाड पडदा एका हातानं ओढला. कड्यांसकट तो अर्धा खाली आला. ऊन आत आलं. चादरीवरचं चित्र विरलं. मी तिच्या कपाळावर बोट दाबून उचललं. बोटाखालची जागा पांढरी व्हायला हवी होती, ती पिवळी झाली. मग अंगठ्यानं तिची पापणी वर केली. बुबुळाच्या भोवतीचं सगळं पिवळं होतं.

"ऊन लागेल तिला," सासूबाई म्हणाल्या. "आण इकडे, नाव ठेवायचं राहिलंय. हळदीचा रंग आहे तो, दोन दिवसांत जातो."

"आई," मी म्हटलं, "हळद डोळ्यांत घालत नाहीत."

सासूबाईंनी पुढे केलेले हात मागे घेतले.

मग निशिकांत म्हणाला, निदान नाव कानात सांगून होऊ दे, दोन मिनिटांचं काम आहे. नाव अर्थात भाऊजींनीच ठरवलं होतं. गौरांगी. मी निशिकांतकडे नुसतं बघितलं. तो चपला शोधायला लागला. चपलांचा ढीग एवढा की त्याला त्याच्या सापडेनात. अनवाणीच निघाला शेवटी, हे मात्र मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते.

आम्ही फाटकात आलो तर भाऊजींची गाडी आधीच बाहेर काढलेली, इंजिन चालू. किल्ली त्यांच्या खिशातच असावी. मला वाटलं, जिलब्या आणायला निघाले असतील. त्यांनी मागचं दार उघडलं. मिरजेच्या रस्त्याला त्यांनी गाडी सुसाट सोडली. रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबावी लागली तेव्हा स्टिअरिंगवर बोटं आपटत राहिले. कार्यक्रमाचा विचका झाला म्हणून घुश्शात होते. आरशात एकदा आमची नजरानजर झाली. मी माझी नजर काढून घेतली नाही, त्यांनी घेतली.

हॉस्पिटलच्या दारात आम्हाला उतरवलं, पण ते आत आले नाहीत.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी लेकीला उघडं केलं, पोटावर, मांडीवर, तळपायावर बोट दाबून बघितलं. तळव्यापर्यंत पिवळं होतं. रक्त तपासायला गेलं. आमच्या दोघींचे रक्तगट जुळत नव्हते, त्यात दूध पोटात जात नव्हतं, असं काहीबाही त्या सांगत होत्या आणि मी फक्त त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"आज आणलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "उद्या परवावर टाकलं असतं तर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डोळ्यांवर पट्टी बांधली. वर दिवे लावले, ते निळे. सगळी पेटी निळी झाली, ती निळी झाली, तिच्या हाताच्या मुठी निळ्या झाल्या. मी नर्सला विचारलं, निळे का? ती म्हणाली, याच्यानंच पिवळा जातो.

मला हसायला आलं आणि ते थांबेना. नर्सला वाटलं असेल, बाळंतिणीचं डोकं फिरलं. निळा वाढवला की पिवळा मरतो, हा नियमच आहे. माणूस सत्य बोलूनसुद्धा किती निरुपयोगी असू शकतो.

खाली नोंदणीच्या खिडकीशी बाळाचं नाव विचारलं. निशिकांत "अजून ठेवलं नाही" म्हणायला तोंड उघडत होता. मी म्हटलं, "अनघा." तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानंही सांगितलं, "हो. अनघा निशिकांत शेटे." तिच्या कानात मी ते दुसऱ्या दिवशी सांगितलं, पेटीच्या गोल भोकातून हात घालून, वाकून. कुर्र्र केलं नाही. पाठीत धपाटे घालणारं कुणी नव्हतं. ती झोपेत हसल्यासारखी वाटली, पण त्या वयात तो पोटातला वायू असतो म्हणतात.

ती वाचली, बरी झाली, आता तिसरीत आहे. बडबडी आहे, आणि झोपायच्या नावानं बोंब.

आम्ही पुढे वेगळे राहायला लागलो. प्रोजेक्टर माळ्यावर गेला म्हणे. भाऊजींनी पुन्हा लावला नाही. मी त्याचाही अर्थ लावला होता: माझ्यावरचा राग मशीनवर काढला. दर वाढदिवसाला ते येतात. चहा घेत नाहीत. अनघाला खिडकीपाशी उजेडात नेतात, हनुवटी धरून तिचा चेहरा वर करतात, तिच्या डोळ्यांत क्षणभर बघतात, आणि मग पेढ्यांचा पुडा हातात देऊन निघून जातात. हळकुंड बघतात तसंच. जित्याची खोड, मी निशिकांतला म्हणते. तो हल्ली उठून भावाला रस्त्यापर्यंत सोडून येतो.

ही गोष्ट अनघाला तोंडपाठ आहे. जेवताना हट्ट धरून ती माझ्याकडून ती वदवून घेते, आणि मी ती सगळ्या आवाजांसकट सांगते. "पाळणा हलवू नका, चित्र हलतं," हे विलासकाकांच्या आवाजात म्हटलं की तिला ठसका लागेपर्यंत हसू येतं. आजीच्या जांभळ्या बाळावरही ती हसते. काळ्या-पांढऱ्या टाळ्यांपाशी आली की ती गंभीर होऊन माझा हात धरते, आणि मी पडदा ओढला की खूश होते. हळकुंडाचा रंग पारखणाऱ्या काकांना तेवढं पिवळं मात्र दिसलंच नाही, असं मी शेवटी सांगते.

परवा मंजिरीनं जुन्या मोबाईलमधली चित्रं काढताना तो व्हिडिओ सापडला म्हणून पाठवला. बारशाचा. नाव ठेवायला पुढे जायच्या आधी तिनं चादरीवरचं चित्र घेतलं होतं, मागच्या बाजूनं. एरवी मी अनघाला मोबाईल देत नाही, पण हा दिला. मी मेथी निवडत होते, ती माझ्या मांडीला पाय लावून पालथी पडून बघत होती. वरवंटा बघून हसली. स्वतःला बघून "अय्या" म्हणाली. मग मागे घेऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा.

"आई, वरवंटा होता तेव्हा रंग बरोबर होता?"

"हो."

"काका म्हणाले ना, आता कुणी हात लावायचा नाही."

"म्हणाले खरे."

"आणि इथं बघ." तिनं बोटानं चित्र थांबवलं. चादरीवर नुकतीच ठेवलेली ती, गालाशी मूठ. खाली कोपऱ्यात पाठमोऱ्या माणसाचं अर्धवट डोकं आणि रिमोट धरलेला हात. त्या हाताचं मनगट त्यानं दुसऱ्या हातानं आवळून धरलं होतं. मी हे कधी पाहिलंच नव्हतं. मी समोर बघत होते. "अजून कुणीच काही बोललं नाहीये. सगळे गाणं म्हणतायत."

"मग?"

ती उठून बसली. माझ्या मांडीवरच्या मेथीत तिचा गुडघा आला.

"तू सांगतेस, काकांना दिसलंच नव्हतं," ती म्हणाली. "दिसलं नव्हतं, तर मग त्यांनी रंग कशाला बदलला?"